विज्ञानकथा मालिकांमधले अँड्रॉइड आणि माणसाची वागणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथल्या उत्तरांत मालिकांच्या कलाटण्या आणि शेवट उघड केले आहेत. एखादी मालिका अजून बघायची असेल तर तिच्याबद्दलचा प्रश्न सोडून पुढे जा.

अँड्रॉइड कुणाला म्हणायचं? सायलॉन, सिंथ, होलोग्राम हे सगळे त्यातच येतात का?

काटेकोर बोलायचं तर माणसासारखा देह देऊन घडवलेलं यंत्र म्हणजे अँड्रॉइड. सायबॉर्ग जन्मानं माणूसच असतो, त्याच्या शरीरात यंत्र बसवलेलं असतं. होलोग्राम म्हणजे प्रकाशाची प्रतिमा, त्याला देहच नसतो. सिंथ म्हणजे ‘ह्यूमन्स’ या मालिकेतले अँड्रॉइडच. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मधले सायलॉन हा माणसांवर उलटलेल्या यंत्रांचा वंश; त्यांतले मानवी रूपातले तर रक्तामांसाचे आहेत. तरी चर्चेत हे सगळे एकत्र येतात, कारण प्रत्येकाच्या बाबतीत वाद एकच असतो: ज्यानं घडवलं किंवा विकत घेतलं, त्याची मालकी कुठवर चालते?

हा वाद टीव्हीइतकाच जुना आहे. कारेल चापेकच्या १९२० सालच्या ज्या नाटकानं जगाला ‘रोबॉट’ हा शब्द दिला, त्याचा सुमारे ३५ मिनिटांचा भाग बीबीसीनं ११ फेब्रुवारी १९३८ रोजी प्रक्षेपित केला होता. त्या नाटकातले रोबॉटही धातूचे नव्हते, कारखान्यात तयार केलेल्या जिवंत द्रव्याचे होते.

कुठून सुरुवात करावी?

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या पर्वाचा नववा भाग, ‘द मेझर ऑफ अ मॅन’. सुमारे ४५ मिनिटांचा आहे आणि आधीचं काही बघितलेलं नसलं तरी अडत नाही. त्यानंतर ‘द ट्वायलाइट झोन’मधला १९५९ सालचा ‘द लोनली’ हा साधारण २५ मिनिटांचा भाग बघा. मग ‘ह्यूमन्स’चं पहिलं पर्व (८ भाग) आणि ‘वेस्टवर्ल्ड’चं पहिलं पर्व (१० भाग).

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ शेवटी ठेवा. तिचे सुटे भाग बघण्यात अर्थ नाही. २००३ सालच्या लघुमालिकेपासून सुरुवात केली तरच कोण कुणाचा सूड घेतंय ते कळतं.

‘द लोनली’सारखा जुना भाग बघायची खरंच गरज आहे का?

आहे. एका लघुग्रहावर एकांतवासाची शिक्षा भोगणाऱ्या कोरीला कॅप्टन ॲलनबी दया येऊन एक पेटी देतो. पेटीत ॲलिशिया नावाची स्त्रीरूपातली रोबॉट असते. कोरी आधी तिला झिडकारतो, मग तिच्यात गुंततो. पुढे त्याला माफी मिळते, पण परतीच्या यानात त्याच्या वाट्याला सामानासाठी फक्त १५ पौंडांची मुभा असते. तो ॲलिशियाला सोडून यायला तयार होत नाही, तेव्हा ॲलनबी तिच्या चेहऱ्यावर गोळी झाडतो. आत तारा दिसतात आणि तिच्या तोंडून कोरीचं नाव अडखळत बाहेर पडत राहतं.

बहुतेक प्रेक्षक वाद घालतात तो ॲलनबीनं योग्य केलं की नाही यावर. त्याआधीचा प्रश्न असा की ॲलिशियाला कुणी काही विचारलं का? कोरीनंही नाही. ती दोघांच्याही लेखी सामानच होती. एकाला ते फेकायचं होतं आणि दुसऱ्याला सोबत न्यायचं होतं.

डेटाच्या खटल्यात नेमकं काय घडतं?

हा खटला ‘द मेझर ऑफ अ मॅन’मधला. तो भाग १३ फेब्रुवारी १९८९ रोजी प्रथम दाखवला गेला. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः वकिली केलेल्या, आणि ते प्रत्येक प्रसंगात जाणवतं.

सायबरनेटिक्सचा तज्ज्ञ ब्रूस मॅडॉक्स डेटा या अँड्रॉइड अधिकाऱ्याला सुटा करायचं ठरवतो, म्हणजे तसेच आणखी बनवता येतील. पुन्हा नीट जोडता येईल याची खात्री त्याला देता येत नाही. डेटा नकार देतो आणि बदलीचा हुकूम टाळण्यासाठी राजीनामा देतो. इथे मॅडॉक्स हुकमी पत्ता काढतो: जहाजाच्या संगणकाला दुरुस्ती नाकारता येते का? नाही ना? मग डेटाला राजीनामाही देता येत नाही, कारण तो स्टारफ्लीटची, म्हणजे ज्या अंतराळदलात तो नोकरी करतो त्याची, मालमत्ता आहे.

तळावरच्या न्यायाधीश फिलिपा लुव्हॉय यांच्याकडे माणसं कमी. म्हणून डेटाची बाजू कॅप्टन पिकार्ड मांडतो आणि विरुद्ध बाजू डेटाचाच मित्र रायकर. रायकरनं हात आखडता घेतला तर निकाल आपोआप डेटाच्या विरोधात जाणार, ही अट. म्हणून तो जीव तोडून वकिली करतो. डेटाकडून धातूची कांब वाकवून घेतो, त्याचा हात कोपराखाली काढून न्यायाधीशांपुढे ठेवतो, आणि शेवटी बोलता बोलता त्याच्या पाठीवरचं बटण दाबून त्याला बंद करतो. डेटा टेबलावर कोसळतो. रायकर जागेवर येऊन बसतो तेव्हा त्याचा चेहरा बघा.

उलट बाजू उभी राहते ती सुनावणी थांबलेली असताना, गायनन या पात्राशी पिकार्डच्या झालेल्या गप्पांतून. ती सांगते की कष्टाची, धोक्याची, कुणालाच नको असलेली कामं करायला ‘वापरून टाकून देण्याजोगे’ जीव बऱ्याच जगांनी बाळगले; त्यांच्या भल्याचा विचार करावा लागत नाही, हीच त्यांची सोय. पिकार्डला गुलामगिरी हा शब्द सुचतो तो तिथे. एक डेटा हे नवल असेल, पण हजारो डेटा म्हणजे एक वंश होतो, आणि त्या वंशाशी आपण कसे वागू हे आज ठरतंय, असा त्याचा मुद्दा.

साक्षीत डेटाची क्षमताही सांगितली जाते: ८ वर १७ शून्यं इतके बिट साठवण, म्हणजे १०० पेटाबाइट, आणि सेकंदाला ६० लाख कोटी क्रिया. १९८९ साली हे आकडे डोळे दिपवणारे होते. आज महागडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला याहून जास्त आकडेमोड करतं आणि त्याला कुणी व्यक्ती म्हणत नाही. वेग आणि साठवण यांवरून हा प्रश्न सुटत नाही, हे काळानं परस्पर दाखवून दिलं. पिकार्डनं मांडलेला दुसरा पुरावा मात्र अजून टिकून आहे: डेटानं निघताना बॅगेत भरलेल्या वस्तू. पदकं, पिकार्डनं दिलेलं पुस्तक आणि मृत सहकारी ताशा यारची छोटी प्रतिमा. पदकं तुला कशाला हवीत, याला डेटाकडे तर्कशुद्ध उत्तर नसतं. फक्त ती त्याला हवी असतात.

म्हणजे डेटाला जाणीव आहे असा निकाल लागला ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. लुव्हॉय स्पष्ट म्हणतात की डेटाला आत्मा आहे का ते त्यांना ठाऊक नाही. स्वतःला आहे की नाही हेही त्या सांगू शकत नाहीत. निकाल इतकाच: डेटा मालमत्ता नाही आणि स्वतःबद्दलचा निर्णय घ्यायला तो मोकळा आहे.

या भागाचं खरं बळ इथेच आहे. मॅडॉक्सनं सचेतन असण्याच्या तीन कसोट्या सांगितल्या होत्या: बुद्धिमत्ता, स्वतःचं भान आणि जाणीव. पिकार्ड पहिल्या दोन त्याच्याकडूनच कबूल करवून घेतो. तिसरी कुणालाच मोजता येत नाही. मोजता येत नाही म्हणून संशयाचा फायदा मालकाला द्यायचा की ज्याला सुटा करणार आहेत त्याला, एवढंच मग उरतं.

त्या निकालानं पुढच्या अँड्रॉइडांचं भलं झालं का?

फारसं नाही. निकाल एका डेटापुरता राहिला.

१९९० सालच्या ‘द ऑफस्प्रिंग’मध्ये डेटा स्वतःची मुलगी घडवतो. तिचं नाव लाल, हिंदीतून घेतलेलं. ॲडमिरल हॅफ्टल तिला संशोधनासाठी बापापासून तोडायला येतो. डेटाचे हक्क मान्य झालेले असतात, पण त्याच्या लेकीचे कुठेच लिहिलेले नसतात. वेगळं होण्याच्या भीतीनं तिच्यात पहिल्यांदाच भावना जागी होते आणि तिचा मेंदू कोसळतो. हॅफ्टल शेवटी तिला वाचवण्यासाठी डेटाच्या शेजारी उभा राहून धडपडतो. तो दुष्ट नसतो, म्हणून हा भाग जास्त झोंबतो.

‘व्हॉयेजर’ या ‘स्टार ट्रेक’च्याच दुसऱ्या मालिकेतल्या २००१ सालच्या ‘ऑथर, ऑथर’ या भागात होलोग्राम डॉक्टरनं लिहिलेली कलाकृती प्रकाशक त्याच्या परवानगीशिवाय छापतो. लवाद त्याला ‘व्यक्ती’ म्हणायला तयार होत नाही, फक्त ‘कलावंत’ या व्याख्येत बसवतो. शेवटच्या दृश्यात त्याच्याच बनावटीचे जुने डॉक्टर खाणीत राबताना दिसतात. आणि २०२० साली सुरू झालेल्या ‘पिकार्ड’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत मंगळावरच्या गोदीत सिंथेटिक कामगारांची फौजच आहे. गायननची भीती तशीच्या तशी खरी ठरली. एखादा लाडका अँड्रॉइड मोकळा करून बाकीच्यांकडे कानाडोळा करणं सोपं असतं, हे ‘स्टार ट्रेक’नं स्वतःच्याच जगाबद्दल कबूल केलं.

जाणीव सिद्ध होत नसेल तर प्रसंग तपासायचा कसा?

चार गोष्टी बघा, याच क्रमानं.

आधी नकार. या पात्राला नाही म्हणायची सोय आहे का, आणि म्हटलं तर काय होतं? मग बटण. बंद करण्याचं, पुसण्याचं, बदलण्याचं साधन कुणाच्या हातात आहे आणि त्याला कुणाला जाब द्यावा लागतो? तिसरं, फायदा. ‘त्याला काही वाटत नाही’ हे सांगणाऱ्याचं त्यावर काय अवलंबून आहे? चौथं, चूक कुठल्या बाजूला महाग पडेल. जाणीव नसताना जपलं तर थोडी गैरसोय होते. जाणीव असताना छळलं तर ते परत घेता येत नाही.

‘नेक्स्ट जनरेशन’च्याच ‘द क्वालिटी ऑफ लाइफ’ (१९९२) या भागावर ही कसोटी लावून बघा. एक्झोकॉम्प नावाची, टपालपेटीएवढीही नसलेली उडती दुरुस्तीयंत्रं धोक्याच्या बोगद्यात जायला नकार देतात. डेटा त्यांच्या बाजूनं उभा राहतो, पण त्याची पहिली चाचणी फसते: खोटा धोका उभा करूनही यंत्र बाहेर पळत नाही. नंतर उलगडतं की धोका खोटा आहे हे त्यानं ओळखलं होतं. चाचणीच कच्ची होती. शेवटी त्यांना काम सांगितलं जात नाही, विचारलं जातं. आणि ती स्वतःचा वेगळा बेत आखून कामाला लागतात.

या भागाची आणखी एक किंमत आहे. टीव्हीवरचा अँड्रॉइड बहुतेक वेळा माणूसच साकारतो. डोळे, आवाज, श्वास माणसाचे असल्यावर आपली सहानुभूती आधीच त्याच्या खिशात असते. एक्झोकॉम्पना चेहराच नाही. तरीही त्यांचा नकार तुम्हाला मोलाचा वाटला, तर तुमचा निर्णय चेहऱ्यावर अवलंबून नाही.

‘वेस्टवर्ल्ड’मध्ये यजमानांची, म्हणजे करमणूक उद्यानातल्या अँड्रॉइडांची, स्मृती रोज पुसली जाते. आठवतच नसेल तर छळ कसला?

शस्त्रक्रियेत भूल न देता फक्त विसरायला लावणारं औषध दिलं, तर रुग्णाला वेदना झाल्याच नाहीत असं कुणी म्हणेल का? वेदना झाली त्या क्षणी झाली. पुसल्यामुळे कमी झाला तो फक्त पुरावा. छळाचा एकमेव साक्षीदार छळ सोसणाराच होता, आणि त्याची साक्ष रोज रात्री नष्ट होते. म्हणून पुसणं हा दुसरा गुन्हा आहे, पहिल्यावरचा उतारा नव्हे.

मालिका (२०१६–२०२२, ४ पर्वं) हे फार बारकाईनं मांडते. उद्यानाचा निर्माता डॉ. फोर्ड यानं केलेल्या एका सुधारणेमुळे यजमानांच्या जुन्या आठवणी लहानसहान हालचालींतून झिरपायला लागतात. डोलोरस आणि मेव्ह या दोन यजमानांची बंडखोरी त्यातूनच उगवते. मेव्हला आपल्या मारल्या गेलेल्या मुलीची झलक दिसत राहते.

दोन दृश्यं थांबवून बघा. पहिल्यात एक कर्मचारी दुरुस्तीला आणलेल्या यजमानाच्या नग्न देहावर कापड घालतो. फोर्ड ते खेचून काढतो, याला थंडी वाजत नाही, लाज वाटत नाही असं ठणकावतो, आणि पटवून द्यायला त्याच्या चेहऱ्यावर चिरा पाडतो. काहीच वाटत नसेल तर इतकं ठासून सांगायची गरज का पडावी? ते सांगणं कर्मचाऱ्यासाठी आहे. त्याचा संकोच संपला तर कारखाना सुरळीत चालतो. दुसऱ्यात मेव्ह तंत्रज्ञाच्या टॅबलेटवर स्वतःचेच गुण आकड्यांत पाहते आणि आकलनाची पातळी १४ वरून २० करवून घेते. बटण पहिल्यांदाच तिच्या हातात येतं.

समोरचा शत्रू असेल, त्यानं माणसं मारली असतील, तरी हेच?

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ इथे कुणालाच सोपी सुटका देत नाही. सायलॉननी बारा वसाहती बेचिराख केल्या, माणसं उरली सुमारे ५० हजार. पहिल्या पर्वाच्या आठव्या भागात स्टारबक ही वैमानिक कैदी सायलॉन लिओबेनचं डोकं पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवते. दुसऱ्या पर्वाच्या ‘पेगॅसस’ या दहाव्या भागात जीना या कैदी सायलॉन स्त्रीवर जहाजावरच्या लोकांनी जे केलेलं असतं ते बघवत नाही, आणि ज्यांनी केलं ते ‘यंत्राला बलात्कार कसा लागू होईल’ याच आडोशाला उभे असतात.

आडोसा किती पोकळ आहे ते त्यांच्याच कृतीतून कळतं. यंत्राला अपमानित करता येत नाही. ज्याला वेदना, लाज, भीती आहे त्यालाच मोडता येतं, आणि हे लोक जीनाला मोडायलाच निघालेले असतात. छळ करणाऱ्याला मनातून माहीत असतं की समोर कुणीतरी आहे. गुन्ह्याची शिक्षा देणं वेगळं. ती द्यायला खटला लागतो, आणि खटला फक्त व्यक्तीवर चालतो.

मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क मुख्यालयात या मालिकेवर मानवी हक्कांच्या अंगानं जाहीर चर्चा झाली. सूत्रसंचालन केलं होतं व्हूपी गोल्डबर्गनं, म्हणजे गायननचीच भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीनं.

घरकाम करणाऱ्या अँड्रॉइडचा प्रश्न वेगळा आहे का?

वेगळा नाही, पण जास्त जवळचा आहे. २०१५ साली सुरू झालेली ‘ह्यूमन्स’ ही ब्रिटिश मालिका स्वीडिश ‘एक्टा मेनिश्कोर’वरून घेतलेली. जो हॉकिन्स बायकोला न विचारता अनिता नावाची सिंथ घरी आणतो. धाकट्या सोफीला अनितानं गोष्ट वाचलेली आवडू लागते, आई लॉरा अस्वस्थ होते. पुढे जो प्रौढांसाठीची वेगळी सोय चालू करून अनिताचा वापर करतो. त्याच्या मते हा गुन्हा नव्हे, फार तर बायकोपासून लपवलेली गोष्ट. नंतर कळतं की अनिताच्या आत मिआ नावाची जाणती व्यक्ती शाबूत होती.

ज्या घरांत कामाला बाई येते त्या आपल्या घरांनी ही मालिका जरूर बघावी. तिच्यासमोर तिच्याचबद्दल बोलणं, तिचा कप वेगळा ठेवणं, तिच्या थकण्याची नोंदच न घेणं, या सवयी यंत्र आल्यावर जन्माला येणार नाहीत. त्या आधीपासून आहेत. २०१६ साली आलेल्या ‘बहू हमारी रजनीकांत’ या हिंदी मालिकेत सूनच रोबॉट आहे. तिथे विनोद चालतो, कारण सासरला हवी तशी आज्ञाधारक सून आणि हुकूम पाळणारं यंत्र यांत अंतर फार थोडं उरतं.

‘स्मॉल वंडर’मधली व्हिकी, मुलीच्या रूपातली रोबॉट, आठवते. त्यात तर सगळे तिच्याशी चांगले वागतात ना?

प्रेमानं वागतात, पण ती झोपते कपाटात. नव्वदच्या दशकात हिंदीतून बघणाऱ्या पिढीला ते गमतीचं वाटलं. आज पुन्हा बघताना ते कपाट खटकलं, तर तुमची नजर बदलली आहे.

वस्तूला व्यक्ती मानणं कायद्याला शक्य तरी आहे का?

भारतीय कायदा हे शंभर वर्षं करतोय. देवाची मूर्ती विधिमान्य व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असते, तिच्या वतीनं दावा लावता येतो. १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक कुटुंबाचा वाद प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. पूजेच्या पाळीत मूर्ती आपल्या घरी नेता येईल का, असा तो वाद. न्यायालयानं म्हटलं की मूर्ती ही हलवाहलव करण्याची नुसती चीजवस्तू नव्हे. तिच्या स्थानाबाबत तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती मांडायला वादाशी हितसंबंध नसलेला प्रतिनिधी नेमावा.

डेटाच्या खटल्याशेजारी हे ठेवून बघा. जाणिवेचा पुरावा कुणी मागितला नाही. ‘मालमत्ता नाही’ एवढं ठरलं आणि बाजू मांडायला माणूस मिळाला. मात्र कायद्यातली व्यक्ती आणि नीतीतली व्यक्ती यांची गल्लत करू नका. कंपनीही कायद्यानं व्यक्तीच असते. ती बंद केली तर तिला दुखत नाही. २०१७ साली सौदी अरेबियानं सोफिया या रोबॉटला नागरिकत्व जाहीर केलं, त्यातून सोफियाबद्दल काहीच सिद्ध झालं नाही.

हे सगळं गुलामगिरीचं रूपक म्हणून बघायचं का?

काही अंशी. रूपक ताणलं की दोन घोटाळे होतात. एक म्हणजे अँड्रॉइड खरोखर कुणीतरी घडवलेला असतो. ज्या माणसांना गुलाम केलं ती कधीच कुणाची निर्मिती नव्हती. दुसरं, खऱ्या पीडितांची गोष्ट देखण्या, बहुधा गोऱ्या अँड्रॉइडच्या तोंडून सांगितली जाते आणि ते स्वतः पडद्यावरून गायब होतात. डेटाच्या भागानं हे टाळलं, कारण ‘वापरून टाकून देण्याजोगे’ हे शब्द एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या तोंडी आहेत आणि पिकार्डला ते शांतपणे ऐकून घ्यावे लागतात.

‘मला भीती वाटते’ म्हणणाऱ्या चॅटबॉटला हीच कसोटी लावायची का?

जपून. माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर घडवलेलं यंत्र भीतीची भाषा बोलणारच. त्या मजकुरात अशा मालिकांबद्दलचं लिखाणही असतं. नुसतं बोलणं पुरावा ठरत नाही. एक्झोकॉम्पचा नकार वजनदार होता, कारण तो न शिकवलेल्या कृतीतून आला होता. पण वरच्या चारपैकी तिसरा प्रश्न आजही विचारता येतो: जाणीव आहे असं सांगणाऱ्याचा आणि नाही असं सांगणाऱ्याचा, दोघांचाही फायदा कशात आहे?

गटात चर्चा घ्यायची असेल तर?

दहा-बारा जणांपेक्षा जास्त नकोत. ‘द मेझर ऑफ अ मॅन’ लावा आणि रायकर डेटाला बंद करून जागेवर बसतो तिथे थांबवा. प्रत्येकाकडून चिठ्ठीवर निकाल आणि एका ओळीत कारण लिहून घ्या. उरलेला भाग दाखवून पुन्हा चिठ्ठ्या घ्या आणि ज्यांचं मत बदललं त्यांना आधी बोलू द्या. चर्चेला तासभर ठेवा.

घोडं पेंड खातं ते ठरलेल्या जागी. ‘आत्मा असतो का’ यावर गाडी घसरली की तास तिथेच संपतो; म्हणून पहिली वीस मिनिटं आत्मा आणि जाणीव हे दोन्ही शब्द बंद ठेवा, फक्त नकार आणि मालकी यांवर बोलायला लावा. दुसरी अडचण, डेटा सगळ्यांचा लाडका असतो आणि मॅडॉक्सची बाजू लंगडी पडते. गटातला सगळ्यात तयारीचा वक्ता त्या बाजूला बसवा. त्यानं हे मुद्दे घ्यावेत: डेटाच्या अभ्यासातून अनेक जीव वाचू शकतात, सैनिकांना जिवावरचे हुकूम दिलेच जातात, आणि डेटानं सेवेत येताना शिस्त मान्य केली होती. यांतला दुसरा मुद्दा खोडायला सगळ्यात अवघड आहे. त्यासाठी हुकूम मिळालेला माणूस आणि सुटे भाग म्हणून मागितलेला देह यांतला फरक मांडावा लागतो.

मुलांसोबत यातलं काय बघता येईल?

डेटाचे इथे सांगितलेले तिन्ही भाग दहा-अकरा वर्षांच्या मुलांना झेपतात. ‘द ऑफस्प्रिंग’चा शेवट रडवतो, तेवढी तयारी ठेवा. ‘द लोनली’ तेरा-चौदाच्या पुढे. ‘ह्यूमन्स’मध्ये लैंगिक शोषण आणि हिंसा आहे, ती मोठ्या किशोरांसोबत आणि आधी स्वतः बघून. ‘वेस्टवर्ल्ड’ आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ प्रौढांसाठीच. ‘पेगॅसस’ बघताना मुलं खोलीत नसावीत.